रस्ता हाच परीक्षक : जुन्या मोटारींच्या इंजिनांची तुलना

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले, की बघ्यांचा घोळका एका प्रश्नापाशी हमखास थांबतो : यांतली सर्वांत दमदार गाडी कोणती? गाडीचा मालक अभिमानाने एखादा आकडा सांगतो, इतकी अश्वशक्ती, इतका वेग. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. प्रश्न साधा आणि उत्तरही साधे. परंतु ते बहुधा अपुरे असते. इंजिन कागदावर धावत नाही, रस्त्यावर धावते. आणि रस्ता सगळीकडे सारखा नसतो. विलायतेच्या गार हवेत, सपाट सडकेवर जे इंजिन पहिले येते, ते मे महिन्यात रायपूरहून निघून, धमतरी व कांकेर ओलांडून केशकालच्या घाटाशी पोहोचले की तेथेही पहिलेच येईल, असे नाही. जुन्या इंजिनांची रस्त्यावरील कामगिरी न्यायाने कशी तोलावी आणि तशी तोलली असता हाती काय लागते, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभ त्या आकड्यापासूनच करावा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधील रॉयल ऑटोमोबाईल क्लबने इंजिनाची अश्वशक्ती ठरवण्याचे एक सोपे सूत्र प्रचारात आणले. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावे आणि २.५ ने भागावे. फोर्ड मॉडेल टी या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ३.७५ इंच आणि सिलिंडर चार; उत्तर येते २२.५. रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टचा व्यास ४.५ इंच आणि सिलिंडर सहा, उत्तर ४८.६. चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनचा व्यास २.२ इंच आणि सिलिंडर चार. उत्तर पावणेआठच्या आसपास, आणि म्हणूनच तिचे नाव ‘सेव्हन’. आठवी-नववीतला विद्यार्थी हे गणित वहीच्या एका पानावर करील.

परंतु या सूत्रात काय नाही, हेही पाहिले पाहिजे. पिस्टनची धाव किती लांब आहे, इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, इंधन व हवेचे मिश्रण किती दाबले जाते, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. तरीही १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर याच आकड्यावर, दर अश्वशक्तीला एक पौंड या दराने आकारला जाऊ लागला. परिणाम व्हायचा तोच झाला. पेपर जसा निघतो तसा अभ्यास होतो. कर व्यासावर आहे म्हटल्यावर ब्रिटिश कारखानदारांनी सिलिंडर अरुंद केले आणि पिस्टनची धाव वाढवली. इंजिने उंच आणि सडपातळ झाली. ती मंद गतीत चांगली ओढत. परंतु लांबच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास वेगाने पळवली की लांब धावेमुळे पिस्टन व बेअरिंगांवर जादा ताण येई. अमेरिकेत असा कर नव्हता. तेथील सिलिंडर ऐसपैस राहिले. भारताच्या रस्त्यांवर ही दोन्ही कुळे शेजारी शेजारी धावली. मोजण्यासाठी केलेल्या आकड्याने मोजायच्या वस्तूचाच घाट बदलावा, याचे हे लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे.

कागदी आकड्यावर त्या काळच्या जाणकारांचाही भरवसा नव्हता. म्हणून मोटारी बाल्यावस्थेत होत्या तेव्हाच ‘विश्वसनीयता चाचणी’ या नावाने रस्त्यावरच्या परीक्षा सुरू झाल्या. भारतात १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी चाचणी झाली. मराठी माणसाला विशेष आपली वाटावी अशी चाचणी १९०८ ची, मुंबई-कोल्हापूर मार्गावरची. अंतर ६२० मैल, म्हणजे सुमारे १,००० किलोमीटर. वाटेत सहा घाट. ज्यांनी खंडाळ्याचा बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी आजच्या गुळगुळीत रस्त्यांवरून चढले आहेत, त्यांनी शतकापूर्वीची खडीची सडक, लाकडी आऱ्यांची चाके आणि केवळ मागच्या चाकांचे ब्रेक डोळ्यांसमोर आणावेत. या चाचणीत ‘पर्ल ऑफ दि ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, या नावाने ओळखली जाणारी सिल्व्हर घोस्ट उतरली आणि तिने नाव कमावले. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. तिच्या लौकिकाचे कारण वेग नव्हते. सहा घाटांच्या त्या लांब वाटेवर तिने जो भरवसा दिला, तो तिचा लौकिक होता.

न्याय्य तुलनेचा त्याहूनही स्वच्छ नमुना १९११ चा आहे. नेपियर या कंपनीने आपली मोटार लंडनहून एडिंबरोला आणि परत अशी संपूर्ण वाट केवळ वरच्या गिअरमध्ये चालवून दाखवली. रोल्स-रॉईसने आव्हान स्वीकारले आणि तीच वाट, त्याच अटीवर, त्याच क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली पार केली. नेपियरने एका गॅलनमध्ये १९.३५ मैल काटले, रोल्स-रॉईसने २४.३२ मैल. आजच्या हिशेबात हे लिटरला सुमारे ६.९ आणि ८.६ किलोमीटर होतात. नंतर त्याच गाड्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर पळवल्या, तेव्हा नेपियरचा वेग ताशी ७६.४२ मैल आणि रोल्स-रॉईसचा ७८.२६ मैल भरला. वेगातला फरक दोन मैलांहून कमी. इंधनातला फरक मात्र पंचवीस टक्क्यांचा. नुसता वेग मोजला असता, तर दोन्ही इंजिने जवळजवळ सारखीच ठरली असती. वाट, गिअर आणि निरीक्षक एकच असल्यामुळे या आकड्यांना वजन आहे. अशा अटींवाचून दिलेला आकडा ही बढाई असते. तिला तुलना म्हणता येत नाही.

आता ज्यांची तुलना सहसा कोणी करत नाही, अशी एक जोडी घ्यावी : राजेमहाराजांची सिल्व्हर घोस्ट आणि शेतकऱ्याची फोर्ड मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी गाड्या दीड कोटी निघाल्या. तिच्या २.९ लिटरच्या इंजिनाची प्रत्यक्ष ताकद २० अश्वशक्ती. सिल्व्हर घोस्टचे आरंभीचे इंजिन सात लिटरचे, ताकद ४८ अश्वशक्तीच्या घरात. पाहताक्षणी वाटते, तुलना कसली करायची? परंतु आता वजनाकडे पाहावे. बॉडीप्रमाणे वजन कमीजास्त होई. तरी मॉडेल टी पावणेसातशे किलोंच्या आसपास, तर प्रवासी बॉडीसह घोस्ट पावणेदोन टनांच्या जवळपास. दर टनामागे अश्वशक्ती काढली, तर दोघींचे उत्तर तिसाच्या थोडे अलीकडे येते. दर टनामागे इंजिनाची क्षमता काढली, तर तीही सुमारे चार लिटर. म्हणजे एका टनाला ओढायला राजाच्या गाडीत जेवढे इंजिन होते, जवळजवळ तेवढेच शेतकऱ्याच्या गाडीतही होते.

मग फरक कोठे पडला? पहिला फरक गिअरांत. मॉडेल टीला पुढे जाण्याचे दोनच गिअर. चढ वरच्या गिअरला जड आणि खालच्याला हलका असला, की मधली सोयच नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये पाय दाबून धरत रांगत जाई. दुसरा फरक इंधन पोहोचवण्याच्या रीतीत. मॉडेल टीची पेट्रोलची टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल केवळ उतारामुळे कार्ब्युरेटरकडे वाहत असे. खडा चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असले, की इंजिन वर आणि टाकी खाली अशी अवस्था होई. तेव्हा चालक गाडी वळवून घाट उलटा, रिव्हर्समध्ये चढत. त्यात लाज नव्हती, शहाणपण होते. कारण रिव्हर्स हा तिचा सर्वांत ताकदीचा गिअर होता. तिसरा फरक टिकाऊपणाचा. १९०७ मध्ये सिल्व्हर घोस्टने निरीक्षकांसमोर १५,००० मैलांची वाट पार केली आणि त्यानंतर इंजिन खोलून पाहिले तेव्हा झीज नाममात्र निघाली. मॉडेल टीने असा दावा केला नाही. तिचा दावा वेगळा होता : बिघाड होईल, पण गावचा लोहारही तो दुरुस्त करील. दोन इंजिनांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि आपापल्या प्रश्नात दोन्ही उत्तीर्ण झाली.

इंजिनाच्या अंतरंगात शिरल्यावाचून पुढची तुलना करता येत नाही. इंजिनाचा एक मोठा प्रश्न श्वासाचा असतो. हवा व पेट्रोलचे मिश्रण आत घ्यायचे आणि जळलेला वायू बाहेर सोडायचा, हे काम व्हॉल्व्ह करतात. जुन्या बहुसंख्य गाड्यांत हे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेले असत. वरचे हेड म्हणजे केवळ एक सपाट झाकण. बोल्ट सोडवून ते उचलले आणि आतली काजळी खरवडली की काम झाले. ही रचना स्वस्त, शांत आणि दुरुस्तीला सोपी. परंतु श्वास वाकड्या वाटेने जात असल्यामुळे वेग वाढला की इंजिनाला धाप लागे. दुसऱ्या रचनेत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर असतात. श्वास सरळ जातो आणि इंजिन अधिक फेरे घेऊ शकते. मात्र सुटे भाग वाढतात, आवाज वाढतो आणि मेकॅनिकचे कौशल्यही अधिक लागते.

१९२० चे दशक संपताना या दोन रचना बाजारात समोरासमोर उभ्या ठाकल्या. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला बाजूच्या व्हॉल्व्हचे, चार सिलिंडरांचे ३,२८५ सी.सी. इंजिन होते, ताकद ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर. शेवरोलेने १९२९ मध्ये माथ्यावरच्या व्हॉल्व्हचे सहा सिलिंडर इंजिन आणले. क्षमता थोडी कमी, ३,१८० सी.सी.च्या आसपास, तरी ताकद ४६ अश्वशक्ती. फोर्डने १९३२ मध्ये उत्तर दिले ते आठ सिलिंडरांचे, परंतु व्हॉल्व्ह बाजूलाच ठेवून : ३.६ लिटर आणि ६५ अश्वशक्ती. या गाड्यांचे भाग भारतातही जुळवले जात. जनरल मोटर्सचा मुंबईतील कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला होता.

येथे एक छोटे गणित फार बोलके आहे. दर लिटरमागे अश्वशक्ती काढली, तर मॉडेल टीची येते सुमारे ७, मॉडेल ए ची १२, शेवरोलेची साडेचौदा, फोर्डच्या आठ सिलिंडर इंजिनाची १८, आणि दुसऱ्या महायुद्धातील जीपची २७. जीपचे इंजिन २.२ लिटरचे, व्हॉल्व्ह बाजूचेच आणि ताकद ६० अश्वशक्ती. तीस-पस्तीस वर्षांत चौपट प्रगती झाली, असे कोणीही म्हणेल. परंतु अश्वशक्ती ही दोन गोष्टींची मिळून बनते : चाक फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, आणि मिनिटाला होणारे फेरे. नुसता जोर दर लिटरमागे मोजला, तर मॉडेल टीचा सुमारे ३९ न्यूटन-मीटर, मॉडेल ए चा ५३ आणि जीपचा ६५. वाढ चौपट तर नाहीच, दुपटीहूनही कमी. उरलेली सगळी प्रगती फेऱ्यांची आहे. ज्याच्या वाट्याला मोकळा, पक्का रस्ता आला, त्याला या वाढलेल्या फेऱ्यांचा लाभ झाला. ज्याला पावसाळ्यानंतरच्या चाकोऱ्यांतून, मुरमाच्या वाटेने, नाले ओलांडत ताशी वीस किलोमीटरने जायचे होते, त्याला उपयोगी पडला तो जोरच. म्हणून बैलगाडीच्या रस्त्यावर जुनी, मंद इंजिने फारशी मागे पडली नाहीत. बस्तरच्या वाटांवर जीप टिकली तीही तिच्या साठ अश्वशक्तीमुळे नव्हे. तिच्या चारही चाकांना जोर मिळे आणि खालच्या गिअरांची एक जादा जोडी तो जोर कितीतरी पटींनी वाढवी, म्हणून ती टिकली.

आता रायपूरचा रस्ता आणि रायपूरची हवा. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि त्यांना जोडणारा ग्रेट ईस्टर्न रोड आजही रायपूरकरांच्या तोंडी जी. ई. रोड म्हणूनच आहे. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग अशी ही वाट बहुतांशी सपाट. येथे चढाची परीक्षा थोडी, उष्णतेची फार. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर आहे असे धरले, तर १५ अंशांच्या विलायती हवेत पाणी आणि हवा यांच्यात ८० अंशांचा फरक असतो. रायपुरात तो केवळ ५० उरतो. उष्णता बाहेर टाकण्याचे काम जवळजवळ या फरकाच्या प्रमाणातच होते. म्हणजे तोच रेडिएटर रायपूरच्या उन्हाळ्यात आपल्या सामर्थ्याच्या पाच-अष्टमांशच काम करतो. शिवाय तापलेली हवा विरळ असते. तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ३०० मीटरची उंची मिळून इंजिनाच्या श्वासात येणारी हवा सुमारे एक-अष्टमांशाने घटते आणि तेवढीच ताकदही घटते. गाडी न बदलता, केवळ गाव आणि महिना बदलल्याने हा फरक पडतो.

या उन्हात रचनेचे गुणदोष उघडे पडतात. मॉडेल टीत पाणी फिरवायला पंप नव्हता. गरम पाणी वर जाते आणि गार पाणी खाली येते, या निसर्गनियमावरच तिचे थंड होणे अवलंबून होते. फोर्डच्या आठ सिलिंडर इंजिनात जळलेल्या वायूची वाट इंजिनाच्या पोटातून, पाण्याच्या शेजारून जाई आणि पाणी आणखी तापवी. थंड देशात हा दोष झाकला जाई, उष्ण प्रदेशात तो डोके वर काढी. पेट्रोलच्या नळीत वाफ धरून गाडी भर दुपारी बंद पडणे आणि चालकाने इंधनपंपावर ओले फडके गुंडाळून सावलीत वाट पाहणे, हे दृश्य जुन्या प्रवाशांच्या ओळखीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा अनेक मोटारी आणि बसगाड्या कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. त्या वायूवर इंजिनाची ताकद एकतृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक उतरे. मोठ्या क्षमतेच्या, मंदगती इंजिनांनीच तो काळ निभावून नेला. कागदावर मागासलेले इंजिन संकटात अधिक सहनशील ठरू शकते, हे त्या वर्षांनी दाखवले.

स्वातंत्र्यानंतरची जोडी बहुतेकांच्या घरातली आहे : ॲम्बॅसडर आणि फियाट. ॲम्बॅसडरच्या आरंभीच्या गाड्यांत बाजूच्या व्हॉल्व्हचे इंजिन होते. १९५९ पासून माथ्यावरच्या व्हॉल्व्हचे १,४८९ सी.सी.चे आले. मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाट ११०० चे इंजिन १,०८९ सी.सी.चे, व्हॉल्व्ह माथ्यावरचेच. रिकाम्या गाडीचे वजन ॲम्बॅसडरचे सुमारे १,१०० किलो आणि फियाटचे सुमारे ८७० किलो धरले, तर दर टनामागे इंजिनाची क्षमता काढल्यावर ॲम्बॅसडर आठ टक्क्यांनीच पुढे राहते. आता दोन्ही गाड्यांत सहा माणसे आणि सामान मिळून ४०० किलोंचा भार घालावा. तोच फरक सोळा टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर जातो. एकटा चालक जी. ई. रोडवर फियाटची तरतरी वाखाणतो आणि वऱ्हाड घेऊन नागपूरला निघालेले घर ॲम्बॅसडरचे गुण गाते. दोघेही खरेच बोलत असतात. वाद गाड्यांचा नसून भाराचा असतो.

या सर्व उदाहरणांतून तुलनेचे काही नियम आपोआप निघतात. रस्त्याचा तुकडा एकच असावा, आणि वारा व उतार यांचा लाभ कोणा एकालाच मिळू नये म्हणून तो जाता-येता दोन्ही दिशांनी मोजावा. भार मोजून घ्यावा. टायरांतील हवा तपासावी. इंजिन पुरेसे गरम झाल्यावरच घड्याळ सुरू करावे. सपाटीवरचा वेग, चढावरचा वेळ, वरच्या गिअरमध्ये किती मंद चालते आणि लिटरला किती जाते, हे चार आकडे वेगवेगळे नोंदवावेत. त्यांची बेरीज करून एक गुण देऊ नये. मॉडेल टीसारख्या गाडीत ठिणगी केव्हा पडावी हे चालक सुकाणूजवळच्या दांडीने ठरवतो. तेथे चालकाचे कसब हाही इंजिनाचाच भाग समजावा आणि चालक त्या गाडीचा सराव असलेलाच निवडावा.

इंधनाची नोंदही आवश्यक आहे. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशाचे संयुग व्हॉल्व्हच्या बैठकीला मऊ गादीसारखे संरक्षण देत असे. त्यामुळे १९५० ते १९७० च्या दशकांतील, वेगाने फिरणाऱ्या इंजिनांना आज जपावे लागते. अगदी जुन्या गाड्यांना मात्र ही अडचण कमी, कारण शिसे मिसळलेले पेट्रोल बाजारात आले तेच मुळी १९२३ मध्ये. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्न वेगळा आहे : जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात आणि कार्ब्युरेटरमधील बुचाच्या तरंगत्या गोळ्यावरचे लाखेचे लेपन विरघळते. हे ध्यानी न घेता गाडी अडखळली म्हणून तिच्या इंजिनाला नावे ठेवणे, हा अन्याय होय.

आणि आता या विषयातील सर्वांत चिंतेची गोष्ट. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा देशभर अनेक जुन्या मोटारींची मूळ इंजिने काढून त्यांत डिझेल इंजिने बसवली गेली. त्या मालकांना दोष देता येत नाही. गाडी हे त्यांच्या पोटाचे साधन होते. परंतु आज तशी गाडी रंगरंगोटी करून प्रदर्शनात उभी केली, तर ती केवळ मूर्ती असते. तिचा मूळ आवाज, घाटातला तिचा दम, तिची भूक यांपैकी काहीच आता तपासता येत नाही. एखादी हस्तलिखित पोथी बाहेरच्या बांधणीसह जपावी आणि आतली पाने बदलावीत, तसा हा प्रकार आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांचे महत्त्व येथे कळते. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठी लागणारे इंधन व देखभाल, एवढ्यापुरतीच मुभा आहे.

नियमातील ‘तांत्रिक संशोधन’ हे शब्द शाळा-महाविद्यालयांनी मनावर घ्यावेत असे आहेत. छत्तीसगडच्या गॅरेजांतून अजून असे वयस्क मेकॅनिक आहेत, जे केवळ कानाने व्हॉल्व्हची फट ओळखतात आणि ठिणगीची वेळ जुळवतात. त्यांचे ज्ञान कोठे लिहिलेले नाही. जुनी गाडी बाळगणारा एखादा माजी विद्यार्थी, एक मेकॅनिक, पदार्थविज्ञानाचे एक शिक्षक आणि नववी-दहावीचे पाच-सहा विद्यार्थी एवढे एकत्र आले, तरी काम सुरू होते. हिवाळ्यातील एक सकाळ आणि मे महिन्यातील एक सकाळ. मोजलेला भार, थांबघड्याळ, तापमापक आणि एक जाड नोंदवही, याहून अधिक काही लागत नाही. रेडिएटरचे पाच-अष्टमांशाचे जे गणित येथे मांडले, ते खरे उतरते की नाही, हे ती नोंदवही सांगेल. ते थोडे चुकले, तर त्या चुकीतूनही विद्यार्थी काही शिकतील.

पालकहो, इंजिनांच्या बाबतीत शंभर वर्षांच्या अनुभवाने एवढे शिकवले आहे, की एका सूत्रातून निघालेला एक आकडा कर आकारायला पुरतो, योग्यता ठरवायला पुरत नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या उन्हात आणि किती भार घेऊन चाललेल्याची तुलना कोणाशी होते आहे, हे आधी विचारावे लागते. हाच विचार गुणपत्रिका हाती आल्यावर घरोघरी झाला, तर तोही या विषयाचाच एक उपयोग ठरेल. तूर्त, ज्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी मूळ इंजिनासह उभी आहे, त्यांनी ते इंजिन बदलण्यापूर्वी किंवा भंगारात देण्यापूर्वी एकदा या शाळेच्या प्रयोगशाळेचे दार ठोठवावे, एवढी विनंती करून हे विवेचन संपते.